पाहुण्यांसाठी बांधलेलं मैदान

महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराच्या सर्वसाधारण सभेपुढे क्रीडा संकुलाचा प्रस्ताव येतो, तेव्हा त्याच्या समर्थनाची भाषा हल्ली बदललेली दिसते. पूर्वी ‘खेळाडूंना सुविधा मिळतील’ एवढं म्हटलं की भागायचं. आता कोटींचे आकडे एवढे फुगलेत की तेवढ्या वाक्यावर ते पेलत नाहीत, म्हणून सल्लागाराच्या अहवालात पर्यटनाचं एक प्रकरण घातलेलं असतं. राष्ट्रीय स्पर्धा येतील, त्यांच्यामागून प्रेक्षक येतील, हॉटेलं भरतील, रिक्षावाल्यापासून वडापावच्या गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हाताला काम मिळेल, शहराचं नाव होईल. सभागृहात याला विरोध करणार कोण? खेळाच्या विरोधात हात वर करणारा नगरसेवक पुढच्या निवडणुकीत तरुण मंडळांपुढे कुठल्या तोंडानं जाईल?

माझा विरोध खेळावर खर्च करायला नाही. तो खर्च आपल्याकडे कमीच होतो. विरोध त्या पर्यटनाच्या प्रकरणाला आहे. पाहुण्यांच्या आशेवर स्थानिक संस्थेनं संकुल बांधू नये असं मला वाटतं, कारण आपल्या कररचनेत पाहुण्यानं खर्च केलेला रुपया संकुल बांधणाऱ्याच्या तिजोरीत जवळजवळ येतच नाही.

एक माणूस सामना बघायला शहरात आला, हॉटेलात राहिला, जेवला, तिकीट काढलं, परत गेला. खोलीवर, जेवणावर, तिकिटावर जीएसटी लागला. तो गेला केंद्राकडे आणि राज्याकडे. त्याच्या गाडीत पेट्रोल भरलं, त्याचा कर राज्याकडे आणि केंद्राकडे. हॉटेलवाल्याचा नफा हॉटेलवाल्याकडे, त्यावरचा आयकर पुन्हा दिल्लीला. जकात होती तेव्हा शहरात येणाऱ्या मालावर तरी महापालिकेला काही मिळायचं. जकात गेली, एलबीटी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता त्या बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं, आणि ती आधारवर्षाच्या रकमेवर दरसाल ठरलेल्या ८ टक्के वाढीनं मोजली जाते. शहरात एक पाहुणा आला काय आणि एक लाख आले काय, भरपाईचा आकडा तोच. करमणूक कर लावायचा अधिकार जीएसटीनंतरही स्थानिक संस्थांकडे राज्यघटनेनं ठेवलाय, पण त्याच्या भरवशावर स्टेडियम उभं राहील असं कुणी म्हणणार नाही. उरते घरपट्टी. नवं हॉटेल उभं राहिलं तर तिच्यात भर पडेल; जुनंच हॉटेल चार रात्री भरलं तर घरपट्टी एका रुपयानंही वाढत नाही.

याउलट खर्चाची बाजू पाहा. कर्जाचे हप्ते, फ्लडलाइटचं वीजबिल, वॉचमन, माळी, तरणतलावाची गाळणी, गर्दीच्या दिवशीची सफाई, पाण्याचे टँकर, वाहतुकीची तात्पुरती व्यवस्था, हे सगळं स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात. लाभ वर जातो, बोजा खाली राहतो.

याचा पुरावा शोधायला स्टेडियमकडे जायचीसुद्धा गरज नाही. पंढरपूर घ्या. आषाढीला तिथे जेवढी माणसं येतात तेवढी महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टेडियमला वर्षभरातही जमणार नाहीत. तरी त्या नगरपरिषदेला यात्रेच्या व्यवस्थेसाठी राज्याच्या अनुदानाकडे पाहावं लागतं. माणसं येण्यानं पालिका श्रीमंत होत असती तर पंढरपूरची पालिका राज्यात पहिली असती. महाबळेश्वर, माथेरान इथली गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे गावात शिरतानाच पालिका प्रवाशाकडून कर घेते, त्यामुळे पर्यटक आणि पालिकेचं उत्पन्न यांच्यात सरळ धागा आहे. पण त्या नाक्यावर पैसे देणारा माणूस डोंगर, थंडी आणि घोडे यांच्यासाठी आलेला असतो. कबड्डीचा सामना पाहायला येणाऱ्याकडून शहराच्या वेशीवर पावती फाडायची कुणाची छाती होईल?

आता कुणी म्हणेल, पालिकेच्या तिजोरीचं एवढं काय घेऊन बसलात, गावातल्या लोकांच्या हातात पैसा आला तरी झालं की. हे म्हणणं रास्त आहे. म्हणून पाहुणे खरोखर येतात का, आणि आले तर राहतात का, हे बघायला हवं. त्यासाठी पुण्याइतकं सोयीचं उदाहरण नाही, कारण तिथे महापालिकेचं स्टेडियम आहे, राज्य सरकारचं संकुल आहे आणि क्रिकेट संघटनेचं मैदानही आहे.

स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचं. १९८७ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि श्रीलंका तिथे खेळले. २९ फेब्रुवारी १९९६ ला त्याच मैदानात केनियानं वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. क्रिकेटच्या इतिहासातला तो एक मोठा धक्का, आणि तो पुण्याच्या नावावर नोंदला गेलाय. २००५ मध्ये तिथे भारत आणि श्रीलंका यांचा एकदिवसीय सामना झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट संपलं. राज्याच्या क्रिकेट संघटनेनं द्रुतगती मार्गालगत गहुंज्याला स्वतःचं स्टेडियम बांधलं, २०१२ पासून मोठे सामने तिकडे गेले. मैदान शहराचं होतं, पण सामन्यांचं वेळापत्रक कधीच शहराच्या हातात नव्हतं. ते संघटनेच्या हातात असतं, आणि संघटना उठून गेली की महापालिकेकडे गॅलरी आणि गॅलरीखालचे गाळे तेवढे राहतात.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल राज्य सरकारनं १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलं. महाराष्ट्रात याहून चांगलं संकुल नाही, आणि तिथे क्रीडा प्रबोधिनीची मुलं घडली, घडतात, हे मान्यच करायला हवं. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. २०१३ ची आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तर चेन्नईला व्हायची होती, ती आयत्या वेळी पुण्याला मिळाली. चेन्नईचीच एटीपी टेनिस स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीला आली. टेनिसच्या जगात पुण्याचं नाव झालं, जानेवारीत परदेशी खेळाडू दिसू लागले. २०२३ ची स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षापासून तो आठवडा हाँगकाँगला गेला. यात कुणाचा दोष नाही, हा धंदाच असा चालतो. चेन्नईकडून आपण घेतली, आपल्याकडून हाँगकाँगनं घेतली. स्पर्धा ही फिरती गोष्ट आहे. तिच्यासाठी ओतलेलं काँक्रीट मात्र हलत नाही, आणि कर्ज घेऊन ओतलं असेल तर त्याचे हप्तेही हलत नाहीत.

बालेवाडीनं खरा फायदा कुणाचा झाला हे पाहायचं तर संकुलाबाहेर पडून आजूबाजूच्या इमारती बघाव्यात. संकुल, रुंद रस्ते, जवळची आयटी कंपन्यांची वस्ती, या सगळ्यानं मिळून त्या पट्ट्यातल्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. सार्वजनिक पैशानं वाढलेल्या भावातला वाटा सार्वजनिक तिजोरीत परत कसा आणायचा, हा प्रश्न पर्यटनापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि सल्लागाराच्या अहवालात तो नेमका नसतो.

आणि मुक्काम? गहुंज्याला रात्रीचा सामना सुटला की हजारो गाड्या पुण्याकडे आणि मुंबईकडे वळतात. प्रेक्षक घरी जाऊन झोपतो. हॉटेलं भरतात ती खेळाडू, पंच, समालोचक आणि थोडे हौशी यांच्यापुरती. हे एकदा लक्षात आलं की क्रीडापर्यटनाच्या अर्थशास्त्रात स्टेडियमच्या क्षमतेपेक्षा स्पर्धेची वेळ महत्त्वाची ठरते, ही काहीशी गमतीची गोष्ट दिसायला लागते. संध्याकाळी सुरू होणारा खेळ शेजारच्या जिल्ह्यातून येऊन-जाऊन बघता येतो. पहाटे सुरू होणाऱ्या खेळासाठी आदल्या रात्री मुक्कामाला यावंच लागतं.

साताऱ्यानं हे करून दाखवलंय. २०१२ पासून तिथे सातारा हिल मॅरेथॉन होते. मार्ग यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेनं चढतो आणि परत उतरतो. २०१५ मध्ये एका डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक लोक धावण्याचा गिनेस विक्रम तिथे झाला, २,६१८ धावपटूंचा. शर्यत सकाळी लवकर सुटते, त्यामुळे बाहेरगावचा प्रत्येक जण आदल्या दिवशी साताऱ्यात येतो, नंबर घेतो, जेवतो, झोपतो. सोबत घरची माणसं असतात. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम असतो. कंदी पेढे घेतल्याशिवाय कुणी परत जात नाही. ही स्पर्धा शहरातल्या हौशी धावपटूंच्या संस्थेनं सुरू केली. तिला गॅलरी लागली नाही. लागला तो घाटाचा रस्ता, तो आधीच होता. रस्ता काही तास बंद ठेवायला पोलीस, पाण्याची टेबलं, रुग्णवाहिका, आणि घाटात उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं. नगरपालिकेनं अशा कामासाठी खर्च करायचा म्हटला तरी तो अंदाजपत्रकाच्या एका ओळीत मावेल.

गोव्याकडेही या नजरेनं पाहायला हवं, कारण संकुलाचे समर्थक गोव्याचं नाव हमखास घेतात. राष्ट्रीय स्पर्धांचं यजमानपद गोव्याला मिळून कित्येक वर्षं झाली होती. तारखा पुढे जात राहिल्या आणि अखेर २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्पर्धा झाल्या. त्यात महाराष्ट्रानं २२८ पदकांसह पहिला क्रमांक मिळवला. पण गोव्यातलं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण वेगळं आहे. करोनाच्या काळात इंडियन सुपर लीगचा सबंध हंगाम एकाच ठिकाणी घ्यायचा ठरला, तेव्हा गोवा निवडला गेला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को, अशा तीन मैदानांवर प्रेक्षकांविना सगळे सामने झाले. गोवाच का? मैदानं जवळजवळ होती हे एक कारण. पण डझनभर संघांना महिनोन्‌महिने वेगवेगळं ठेवता येईल एवढी हॉटेलं तिथे होती आणि पर्यटक नसल्यानं ती रिकामी होती. म्हणजे हॉटेलांनी खेळ ओढून आणला. २०१९ मध्ये पणजीत सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धासुद्धा समुद्रात पोहणं, रस्त्यावर सायकल आणि धावणं, यांच्यावर चालते. धरमशालेच्या स्टेडियमचे फोटो जगभर फिरतात ते मागच्या धौलाधारमुळे, आणि धरमशाला हे क्रिकेटच्या आधीपासून पर्यटकांचंच गाव आहे. जिथे लोक आधीच जातात तिथे खेळ जातो. उलट प्रवास फार क्वचित होतो.

क्वचित होतो, म्हणजे कधीच होत नाही असं नाही. इंडियानापोलिसचं उदाहरण विरोधकांनी टाळू नये. अमेरिकेच्या मध्यभागातलं हे शहर १९७० च्या दशकात ओस पडत चाललं होतं; समुद्र नाही, डोंगर नाही, पाहण्यासारखं फारसं काही नाही. तिथल्या पुढाऱ्यांनी खेळ हाच शहराचा उद्योग करायचं ठरवलं. मैदानं, जलतरण तलाव, ट्रॅक बांधले. १९८७ ला पॅन अमेरिकन स्पर्धा घेतल्या. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची सर्वोच्च संघटना, एनसीएए, आपलं मुख्यालय तिथे घेऊन आली. हे यश खोटं नाही. पण त्यामागे काय काय होतं? लिली या औषध कंपनीच्या कुटुंबानं स्थापन केलेल्या प्रतिष्ठानचा प्रचंड निधी होता. स्पर्धांवर बोली लावण्याचं काम वर्षाचे बाराही महिने करणारी स्वतंत्र संस्था होती. आणि हॉटेलच्या खोलीवर, उपाहारगृहातल्या जेवणावर स्थानिक पातळीवर लावलेला कर होता. पाहुणा आला की शहराला पैसे मिळतात, असा त्यांचा कायदाच आहे. आपला सल्लागार इंडियानापोलिसच्या मैदानांचे फोटो अहवालात लावतो, त्यांचा करकायदा लावत नाही.

शिवाय अमेरिकेतच रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये स्टेडियमच्या अर्थकारणावर संपादित केलेल्या ग्रंथातून निघालेला निष्कर्ष असा, की सरकारी पैशानं बांधलेली स्टेडियमं शहराच्या अर्थव्यवस्थेत सांगितली जाते तशी भर घालत नाहीत. त्यातलं एक कारण आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडतं: गावातलं कुटुंब सामन्यावर जे पैसे खर्च करतं ते त्यानं सिनेमावर किंवा हॉटेलात खर्च केले नाहीत एवढाच फरक पडतो. मॉन्ट्रियलच्या महापौरांनी १९७६ च्या ऑलिंपिकआधी सांगितलं होतं की या स्पर्धांना तोटा होणं म्हणजे पुरुषाला मूल होण्याइतकं अशक्य आहे. त्या स्टेडियमचं कर्ज २००६ मध्ये फिटलं.

आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये आणखी एक अडचण आहे, ती परदेशी ग्रंथांत सापडायची नाही. कबड्डी, खो-खोच्या राज्यस्तरीय स्पर्धेला मुलं येतात ती एसटीनं, गाद्या घेऊन. झोपतात शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात, जेवतात आयोजकांच्या पंगतीत. पालक बरोबर येत नाहीत. त्यांना रजा परवडत नाही. या मुलांच्या खर्चावर गावातलं हॉटेल चालेल अशी अपेक्षा करणं म्हणजे आयोजनाचा सगळा अनुभव विसरणं. उलट अशा स्पर्धेत गावच पाहुण्यांवर खर्च करतं, आणि आनंदानं करतं. त्याला आतिथ्य म्हणावं. पर्यटन उद्योग म्हणून ते अहवालात दाखवू नये.

देखभालीवर लांबलचक बोलायची गरज नाही, कारण प्रत्येक तालुक्यात तिचा नमुना बघायला मिळतो. राज्याच्या योजनेत तालुका संकुलाला ५ कोटी, जिल्हा संकुलाला २५ आणि विभागीय संकुलाला ५० कोटींपर्यंत अनुदानाची मर्यादा वाढवली गेली. हे बांधकामाचे पैसे. बांधून झाल्यावर चालवायचे कुठून, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी गाळे, लग्नं, प्रदर्शनं आणि सभा हेच असतं. सिंथेटिक ट्रॅक किंवा हॉकीचं टर्फ साधारण आठ-दहा वर्षांत बदलावं लागतं आणि त्याचा खर्च पुन्हा कोटींत. उद्घाटनाची कोनशिला बसते. टर्फ बदलण्याची कोनशिला कधी कुणी पाहिली आहे का? म्हणूनच ते काम लांबतं.

यावर एक भावनिक उत्तर येतं आणि मला ते कमी लेखायचं नाही: गावाला अभिमान वाटावा असं काहीतरी भव्य नको का? हवं. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांच्या काळात, दरबाराच्या पैशातून झालं. १९१२ मध्ये ते उभं राहिलं. खोलगट जमिनीत मधोमध हौदा, भोवती उतरता चढ, कुठेही बसलं तरी कुस्ती दिसते. आज कोल्हापूरला येणारा पर्यटक ते बघायला जातो. पण ते पर्यटकांसाठी बांधलेलं नव्हतं. शहरात गल्लोगल्ली तालमी होत्या, पैलवानांना खुराक देणारा राजा होता, मातीतली कुस्ती बघायला जिल्हाभरातून येणारी जाणती माणसं होती. एवढं सगळं आधी होतं, मग मैदान आलं. तिथल्या फुटबॉलचंही तसंच: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आणि त्यांचे पिढीजात समर्थक नसते तर शाहू स्टेडियम भरलं असतं कशानं? जिथे तालीम नाही तिथे खासबाग बांधून पैलवान येत नाहीत.

मग स्थानिक संस्थेनं करावं काय? कायद्यात पाहिलं तर महापालिका अधिनियमात पाणी, गटारं, सफाई, प्राथमिक शिक्षण ही बंधनकारक कामं आहेत आणि मैदानं, उद्यानं ऐच्छिक. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही पालिकांच्या १८ कामांमध्ये क्रीडांगण आहे. पर्यटन हा शब्द तिथे नाही. पर्यटन हवं असेल तर त्याचं उत्पन्न ज्यांना मिळतं त्यांनी, म्हणजे राज्यानं, हॉटेलवाल्यांनी आणि क्रीडा संघटनांनी पैसे घालावेत. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२५ मध्ये जानेवारीत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, नोव्हेंबरात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. ते स्टेडियम महापालिकेनं बांधलेलं नाही. पाहुण्यांचा धंदा खासगी जोखमीवर चालू शकतो याचं ते जवळचं उदाहरण आहे.

माझ्यापुढे प्रस्ताव आलाच तर मी तीन गोष्टी लेखी मागेन. स्पर्धांच्या दिवसांत शहरातून राज्याला मिळणाऱ्या जीएसटीतला ठरावीक वाटा दहा वर्षं पालिकेला परत देण्याचा शासननिर्णय. संबंधित संघटनेचा, दरवर्षी अमुक इतक्या स्पर्धा इथेच घेण्याचा करार, मोडल्यास दंडासह. आणि बांधकामाच्या रकमेतूनच बाजूला काढलेला देखभाल निधी, ज्याला सर्वसाधारण सभेलासुद्धा हात लावता येणार नाही. हे तीन कागद मिळाले तर पर्यटनाचं प्रकरण मी पुन्हा वाचेन. मिळणार नाहीत असा माझा अंदाज आहे, कारण स्वतःच्या भाकितावर सही करायची वेळ आली की भाकीत करणारे फार सावध होतात.

ते कागद येईपर्यंत करण्यासारखं पुष्कळ आहे. विकास आराखड्यात मैदान म्हणून आरक्षित असलेले भूखंड अतिक्रमण होण्याआधी ताब्यात घ्यावेत. मोकळी जमीन शहराला किती उपयोगी पडते हे पिंपरी-चिंचवडनं २०२० मध्ये पाहिलं, नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो कोविड रुग्णालय उभं राहिलं तेव्हा. पालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी कुलूपबंद असतात, ती उघडावीत. दिवे लावावेत, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह बांधावं, आणि पगारी प्रशिक्षक नेमावा. एका गॅलरीच्या खर्चात असे कितीतरी प्रशिक्षक वर्षानुवर्षं ठेवता येतात. मोठी स्पर्धा घ्यायची वेळ आलीच तर गॅलरी भाड्यानं उभी करता येते. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या त्या अशाच तात्पुरत्या उभारलेल्या क्रीडानगरीत, आणि आठवडाभरात मांडव उतरल्यावर त्याला वॉचमन ठेवावा लागला नाही.